मूळ गाव: समुद्र

नाव काय, आडनाव काय, मूळ गाव कुठलं आणि 'म्हणजे तुम्ही अमक्यांचे कोण?' एवढ्या चार प्रश्नांत मराठी माणूस समोरच्याच्या सात पिढ्या जागच्या जागी लावून देतो. लोकलच्या डब्यात हे काम दादरला सुरू झालं तर ठाण्याच्या आत उरकतं. मुलुंडपर्यंत ओळख निघाली नाही तर समोरचा मुद्दाम लपवतोय असा संशय घेतला जातो. ह्या विद्येवर माझा फार भरवसा होता. लेकीकडे न्यू जर्सीला गेलो आणि जावयांच्या दिवाणखान्यातल्या पाऊणशे गॅलनच्या काचेच्या टाकीसमोर ती विद्या अक्षरशः पाण्यात गेली.

टाकीत मासे आहेत, पण ते भाडेकरू. खरी वहिवाट खडकांवर बसलेल्या मंडळींची आहे. जावई त्यांना 'सॉफ्टी' म्हणतात, म्हणजे सॉफ्ट कोरल, मऊ प्रवाळ. दगडी प्रवाळ चुन्याचा सांगाडा बांधत बांधत बेटंच्या बेटं उभी करतात. ही मऊ मंडळी त्या भानगडीत पडत नाहीत. पाणी डावीकडे गेलं की डावीकडे डुलायचं, उजवीकडे गेलं की उजवीकडे. सांगाडाच नसल्यामुळे ह्यांचा आकार म्हणजे त्या दिवसाची मनःस्थिती. सकाळी वीतभर असलेला गृहस्थ दुपारी मूठभर होतो आणि दिवे मालवले की सुपारीएवढा. त्यामुळे 'काल तो कोपऱ्यातला उंच, केसाळ' अशी खूण सांगून काही उपयोग नाही. आज तो बुटका आणि तुळतुळीत असतो.

"हा कोण?" मी पहिल्या दिवशी विचारलं.

"लेदर," जावई म्हणाले.

"आणि हा?"

"तोही लेदर."

"आणि तो हिरवा?"

"बाबा, तो... लेदरच म्हणू या."

पुढे कळलं की ह्या छंदातले निम्मे प्रश्न ह्या एका उत्तरावर मिटतात. उरलेल्या निम्म्यांसाठी दुकानदारांनी नावं पाडली आहेत, तीही भाजीबाजारात उभं राहून. एक कॅबेज लेदर, एक कॉलिफ्लॉवर, एक स्पघेटी. आमच्या हिने कॅबेज लेदरला सर्व बाजूंनी न्याहाळलं आणि कोबी निवडण्याच्या जन्माच्या अनुभवावरून निकाल दिला, "ह्यात कोबीचं काही नाही." आणखी एकाचं नाव कोल्ट, म्हणजे शिंगरू. त्या फांद्याफांद्यांच्या बुळबुळीत झुडपात शिंगरू कोणाला दिसलं कोण जाणे. शिवाय हे एकच नाव दुकानात क्लॅडिएलालाही चिकटतं आणि क्लिक्झमलाही. जुन्या पुस्तकांत ते अल्सिओनियमला दिलेलं सापडतं. केनिया ट्री हा कॅप्नेला प्रजातीतला, आणि त्या प्रजातीचा पसारा हिंदी महासागरापासून पॅसिफिकपर्यंत. एवढ्या मोठ्या खानदानाला एकाच देशाचं नाव देणाऱ्याने मूळ गावाचा प्रश्न एका फटक्यात निकालात काढला. ही पद्धत मला आवडली.

शास्त्र मात्र आवडीनिवडीवर चालत नाही. त्याची पहिली कसोटी साधी आहे: हात मोजा. मऊ प्रवाळ एकटा नसतो. तो शेकडो, हजारो बारक्या पॉलिपांची वसाहत असतो, आणि प्रत्येक पॉलिपला बरोबर आठ स्पर्शिका असतात. सात नाहीत, नऊ नाहीत. शिवाय प्रत्येक स्पर्शिकेला दोन्ही बाजूंनी पिसासारख्या बारीक झालरी. म्हणून ह्या घराण्याचं नाव ऑक्टोकोरल. दगडी प्रवाळांचा हिशेब सहाच्या पटीत चालतो. ऐकायला हे फार सोपं आहे. मी पंचांग वाचायचं भिंग घेऊन काचेला नाक लावलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, आणि सातव्याला पोचेपर्यंत जोकर मासा येऊन थेट त्या पॉलिपावर लोळला आणि सगळं दुकान बंद. पुन्हा उघडेपर्यंत चहा घेऊन आलो, तर आता मोजलेला पॉलिप कुठला हे कळेना. जनगणनेच्या कामावरच्या मास्तरांबद्दल मला त्या दिवशी नव्याने आदर वाटला.

भिंग पंचांगाचं होतं हे उगीच सांगितलं नाही. आपल्याकडे मंगळ कडक असला की ज्योतिषी अनामिकेत पोवळं घालायला सांगतात. ते दागिन्यातलं तांबडं पोवळं, भूमध्य समुद्रातलं कोरॅलियम रुब्रम, हेसुद्धा आठ हातांच्याच घराण्यातलं. त्याला सांगाडा आहे आणि तो कडक आहे, पण त्याच्यावर जिवंतपणी जे पॉलिप उमलतात ते आठ झालरदार हातांचे. म्हणजे माझ्या बोटात गेली कित्येक वर्षं जे बसलंय ते जावयांच्या टाकीतल्या सॉफ्टींचं चुलत भावंड. हे समजल्यावर टाकीशी माझं नातं निघालं आणि जिवाला बरं वाटलं.

ह्या पोवळ्यानेच एकेकाळी युरोपातल्या भल्याभल्यांना ओळखीच्या प्रश्नावर तोंडघशी पाडलं होतं. १७०६ मध्ये मार्सिली नावाच्या इटालियन सरदाराने पोवळ्याची ताजी फांदी समुद्राच्या पाण्याने भरलेल्या भांड्यात ठेवली. थोड्या वेळाने तिच्यावर आठ पाकळ्यांची पांढरी फुलं उमलली. फुलं आली म्हणजे झाड! विषय संपला. विद्वान खूश. पुढे वीसएक वर्षांनी मार्सेचा पेसोनेल नावाचा वैद्य तीच फुलं पाहत बसला. स्पर्श केला की ती मिटतात, स्वस्थ ठेवली की उघडतात. तो म्हणाला, हे फूल नव्हे, प्राणी आहे. पॅरिसच्या अकादमीत त्याचं म्हणणं वाचून दाखवायचं काम रेओमूर ह्या बड्या शास्त्रज्ञाकडे होतं. रेओमूरला ते इतकं हास्यास्पद वाटलं की बिचाऱ्याची अब्रू जाऊ नये म्हणून त्याने लेखकाचं नावच घेतलं नाही. १७४० च्या दशकात ट्रेंबलीने गोड्या पाण्यातल्या हायड्रावर प्रयोग केले, तेव्हा कुठे रेओमूरने पेसोनेलचं म्हणणं मान्य केलं. सांगायचं एवढंच की भांड्यात पाणी भरून, समोर खुर्ची टाकून, आत बसलेल्याची चुकीची ओळख ठामपणे सांगण्याची परंपरा तीनशे वर्षांची आहे. आमच्या जावयांना एकट्याने दोष देता येत नाही.

आता लेदर. ह्या नावाखाली मुख्यतः तीन घराणी नांदतात: सार्कोफायटन, लोबोफायटम आणि सिन्युलारिया. सार्कोफायटन वयात आला की देठावर उघडलेल्या छत्रीसारखा दिसतो, म्हणून दुकानातलं नाव टोडस्टूल. लोबोफायटमला जाड बोटं, म्हणून 'सैतानाचा पंजा'. सिन्युलारियाच्या मनाला येईल ते: बोटं, पानं, शेवया. पण लहान तुकडा असेल तर तिघेही सारखेच गोळे. तिथे भिंग लागतं. सार्कोफायटन आणि लोबोफायटम ह्यांच्या अंगावर दोन प्रकारचे पॉलिप असतात. उंच, हातवाले पॉलिप जेवतात. त्यांच्यामध्ये टाचणीच्या टोकाएवढे बिनहाताचे पॉलिप असतात आणि ते पाणी भरतात. हे अलंकारिक नाही. वसाहतीच्या आत पाणी खेळवायचं काम खरोखरच त्यांच्याकडे आहे. सिन्युलारियाकडे ही विभागणी नाही, तिथे सगळे एकाच दर्जाचे. "म्हणजे समाजवादी," मी म्हणालो. जावई हसले नाहीत. त्यांची पिढी दुसरी.

ह्या टोडस्टूलचं एक नाटक मात्र प्रत्येक नव्या शौकिनाच्या काळजाचा ठोका चुकवतं. एके सकाळी तो सगळे पॉलिप आत ओढून घेतो आणि छत्री मिटून बसतो. अंगावर मेणचट, चकचकीत पापुद्रा येतो, रंग उतरतो. दिवसांमागून दिवस जातात. जावयांनी पाण्यातला क्षार मोजला, उष्णता मोजली, अल्कलीपणा मोजला, पंपाची दिशा बदलली, मग पुन्हा पूर्वीसारखी केली. लेकीने घरात मोठ्याने बोलायला बंदी केली. आमच्या हिने एकदाच जाता जाता पाहिलं आणि म्हणाली, "कात टाकतंय ते. असू द्या." आणि खरंच, एक दिवस तो पापुद्रा पाण्याच्या झोतात निसटून गेला आणि खालून नवा कोरा टोडस्टूल निघाला. अंगावर साठलेलं शेवाळ आणि घाण झटकायची ही त्याची नेहमीची रीत आहे. हिला हे कसं कळलं असं विचारलं तर म्हणाली, "पस्तीस वर्षं तुम्हाला बघतेय." ह्यावर मी शास्त्रीय चर्चा थांबवली.

पण समजा, टोडस्टूल ओळखला. सार्कोफायटन, ठीक. कोणता सार्कोफायटन? इथे सगळ्यांची दातखीळ बसते. मऊ प्रवाळांना सलग सांगाडा नसला तरी मांसात चुन्याचे सूक्ष्म काटे पेरलेले असतात, स्क्लेराइट म्हणतात त्यांना. कोणी टकळीसारखे, कोणी गदेसारखे, कोणी मणीदार. खरी कुंडली तिथे लिहिलेली. ती वाचायची तर प्रवाळाचा एक तुकडा वरून आणि एक बुडापासून कापायचा, घरगुती ब्लीचमध्ये टाकायचा, मांस विरघळू द्यायचं आणि तळाशी उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. म्हणजे ओळख पटते, पण ज्याची पटली त्याचे दोन तुकडे कमी होतात. एकट्या सिन्युलारियाच्या दीडशेहून जास्त जाती वर्णिलेल्या आहेत. कॅथरिना फॅब्रिशियस आणि फिलिप ऑल्डरस्लेड ह्यांचा २००१ सालचा जाडजूड ग्रंथ ह्या विषयातला मोठा आधार मानतात. त्याच्या शीर्षकातच लिहिलंय की हे मार्गदर्शन प्रजातींचं आहे. आयुष्य समुद्रात काढलेली ही माणसं पुस्तकात प्रजातीशी थांबतात, जातीच्या वाटेला जात नाहीत. आणि दुकानातला विशीतला पोरगा निळ्या दिव्याखाली लांबूनच जात, गाव आणि किंमत तिन्ही सांगतो.

त्या निळ्या दिव्याविषयीही सांगायला हवं. प्रवाळांच्या टाक्यांवर एक गडद निळा उजेड लावतात, त्यात प्रत्येक गोष्ट जत्रेतल्या पाळण्यासारखी चमकते. साधा तपकिरी गोळा पोपटी दिसतो. जावयांनी ह्या उजेडात फोटो काढून एका जाणकार मित्राला ओळखायला पाठवला. मित्राने अर्ध्या मिनिटात तीन लॅटिन नावं सुचवली. फोटोत मध्यभागी काच पुसायचा स्पंज होता.

सॉफ्ट कोरलच्या फळीवर तोतयेही पुष्कळ बसतात. डिस्कोसोमा, रोडॅक्टिस हे 'मशरूम' अंगाने मऊ, पण आठ हातांचे नव्हेत. नात्याने ते दगडी प्रवाळांच्या बाजूचे. झोअँथिडांचे रंगीत गुच्छ, ज्यांना बटन पॉलिप म्हणतात, तेही सहाच्या पंगतीतले. ही चूक नुसती पंडिती नाही. त्यातल्या काही पॅलिथोआंच्या अंगात पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं. हवाई विद्यापीठातल्या मूर आणि शॉयर ह्यांनी १९७१ मध्ये ते वेगळं काढल्याचं जाहीर केलं, आणि प्रथिन नसलेल्या विषांत ते अत्यंत जहाल मानलं जातं. टाकीतला खडक स्वच्छ करावा म्हणून तो उकळत ठेवणाऱ्या आणि गरम पाण्याने घासणाऱ्या लोकांना त्या वाफेपायी इस्पितळात जावं लागल्याच्या घटना घडलेल्या आहेत, कधी कधी अख्ख्या कुटुंबाला. आपल्याकडे कशाचीही शंका आली की पहिला उपाय उकळणे. दूध, पाणी, बाळाची बाटली, धाकट्याचे मोजे. म्हणून हे हिला दोनदा समजावून सांगितलं. हातमोजे, चष्मा, आणि स्वयंपाकघर नाही. ती म्हणाली, "दगड शिजवायला मी काय वेडी आहे?" पण त्यानंतर तिने टाकीजवळची तिची खुर्ची मागे सरकवली.

दुसरा तोतया ॲप्टेशिया. खडकाबरोबर फुकट येतो, ताडाच्या झाडासारखा इवलासा, तपकिरी, नाजूक. नवा माणूस म्हणतो, अरे वा, प्रवाळ उगवलं! हे समुद्रफूल शेजाऱ्यांना डंख मारतं, आणि चिमट्याने उपटायला जावं तर मागे राहिलेल्या कणाकणातून नवं उगवतं. पुराणात रक्तबीज वाचला होता, तो न्यू जर्सीत भेटेल असं वाटलं नव्हतं. तिथे देवीला अवतार घ्यावा लागला. इथे पेपरमिंट श्रिंप नावाच्या लाल रेघांच्या कोळंबीवर भागतं, तीही तिच्या मनात असेल तर.

ओळखायला सोपी अशी एकच गोष्ट मला सापडली: झेनिया. हिचे पॉलिप हातांची मूठ उघडतात, मिटतात, उघडतात, मिटतात, बाहेरून कोणी न हलवता. गुच्छच्या गुच्छ टाळ्या वाजवल्यासारखा हलतो. एवढी मेहनत कशासाठी, हे कोडं बरीच वर्षं होतं. कारण हिचा बराचसा शिधा अंगातल्या सूक्ष्म शेवाळाकडून येतो, भक्ष्यासाठी हात मारायची फारशी गरज नाही. तांबड्या समुद्रात एलातजवळ हिची बहीण हेटेरोझेनिया हिच्यावर इस्रायली संशोधकांनी कॅमेरे लावले, आणि २०१३ मध्ये उत्तर प्रसिद्ध केलं: ह्या उघडझापीने पॉलिपांभोवती साचलेला प्राणवायू झटकला जातो आणि आतल्या शेवाळाचं प्रकाशसंश्लेषण जोरात चालतं. त्याच निरीक्षणात असंही दिसलं की रात्रंदिवस राबणारा हा जीव दुपारी विश्रांती घेतो. संशोधकांना ते अनपेक्षित वाटलं. त्यांच्यात सदाशिव पेठेतलं कोणी नसावं.

ग्रीन स्टार पॉलिपही सोपा, पण त्याला ओळखायला उशीर झाला तर टाकी त्याच्या नावावर होते. जांभळ्या रबरी चटईवर हिरवे तारे. चटई खडक चढते, खडक संपला की काच चढते. ह्याचं शास्त्रीय नाव मी पाठ केलं होतं, पॅकिक्लाव्ह्युलारिया, आणि जेवणाच्या टेबलावर ते न अडखळता म्हणूनही दाखवलं. जावई म्हणाले, "बाबा, आता त्याला ब्रायारियम म्हणतात." आपल्याकडे नाव बदललं तर निदान गॅझेटात छापून येतं. आणि हे किरकोळच. २०२२ मध्ये मॅकफॅडन, व्हान ऑफवेगेन आणि क्वात्रिनी ह्या तिघांनी जनुकांचा हिशेब मांडून आठहाती प्रवाळांची सगळी वंशावळच नव्याने लिहिली. दीर्घकाळ चालत आलेला अल्सिओनेसिया हा गणच मोडीत निघाला आणि त्या जागी दोन नवे आले, मॅलॅकॅल्सिओनेसिया आणि स्क्लेरॅल्सिओनेसिया. टाकीतली लेदरं पहिल्यात गेली, माझ्या अंगठीतलं पोवळं दुसऱ्यात. एवढ्या मुश्किलीने निघालेलं नातं वाटणीत पुन्हा लांबचं झालं.

निघायच्या सुमारास हिच्या मनात आलं की एखादा छोटासा तुकडा डब्यात घालून डोंबिवलीला भाच्यासाठी न्यावा. जावयांचा चेहरा मिटलेल्या टोडस्टूलसारखा झाला. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून खडक बांधणारे सगळे प्रवाळ आहेत, समुद्रपंखे आहेत आणि ऑर्गन पाइप प्रवाळही आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. हा ऑर्गन पाइप मोठा फसवा. जिवंतपणी वर आठ झालरदार हातांचे मऊ पॉलिप डुलत असतात, बघणारा म्हणेल साधा क्लोव्ह पॉलिप. पॉलिप आत गेले की खाली लालभडक नळ्यांचा सांगाडा दिसतो. डब्यातला तुकडा नक्की कोण, हे मुंबई विमानतळावर कस्टमच्या साहेबांना कोण सांगणार? 'लेदर' हे उत्तर तिथे चालत नाही. शिवाय त्यांनी 'कसलं लेदर?' असं विचारलं तर प्रकरण आणखी चिघळायचं. भाच्याला चॉकलेटं न्यायचं ठरलं.

त्याआधीच्या रविवारी जावयांनी मला एका शाळेच्या जिमखान्यात नेलं. तिथे प्रवाळवाले जमतात आणि आपापल्या टाकीत वाढलेले तुकडे एकमेकांना विकतात किंवा बदलून घेतात. केनिया ट्री तर फांद्या स्वतःच गाळत असतो, मालकाला फक्त वेचायच्या असतात. टेबलांवर थर्माकोलचे खोके, पिशव्यांत पाणी, पाण्यात अंगठ्याएवढे गोळे आणि प्रत्येकावर मार्कर पेनने लिहिलेलं एकेक भारदस्त नाव. मी भिंग बाहेर काढून एका पिशवीत वाकून बघत होतो. माझे पांढरे केस आणि भिंग बघून एक दाढीवाला अमेरिकन गृहस्थ आदबीने जवळ आला आणि हातातली पिशवी पुढे करून म्हणाला, हे काय असावं?

मी भिंग लावलं, मान तिरपी केली, पुरेसा वेळ घेतला आणि म्हणालो, "लेदर."

तो खुलला. "मलाही तसंच वाटलं. पण कोणतं?"

"एक तुकडा वरून कापा, एक बुडापासून, आणि दोन्ही ब्लीचमध्ये टाका. मग सांगतो."

त्याने पिशवी छातीशी धरली आणि घाईघाईने पुढच्या टेबलाकडे गेला.